आप्पांची डुक्कर फियाट

"नवी नको. धुऊन धुऊन मऊ झालेली असंल तसली दे," आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

"म्हणजे माझी इरकल फाडून त्या गाडीला पुसणार?" आक्कांनी हातातलं लाटणं तसंच वर धरलं. "तुमची बनियन घ्या की."

"बनियनीला शिवण असती. शिवणीनं रंगावर चरे उठतात."

"आणि माणसाच्या अंगावर उठत न्हाईत?"

मी भाजी निवडता निवडता हसू गिळलं. आक्का आत गेल्या, ट्रंकेतलं एक विटकं लुगडं काढून आणलं आणि स्वतःच्याच हातांनी टराटरा फाडून त्याचे तुकडे आप्पांच्या हातात कोंबले. दुसऱ्या कुणी फाडलेलं बघवणार नाही म्हणाल्या.

आप्पांनी तुकडे बोटांनी चाचपले. मग माझ्या दिशेला वळून, पण माझ्याकडे न बघता, म्हणाले, "विनया, तुला सुट्टी हाय न्हवं? बादली घेऊन ये बाहेर."

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. मी जयसिंगपुरातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दिवाळीची सुट्टी चालू होती. माझा नवरा सन्मती पुण्याला नोकरीला. तो शनिवार-रविवार घरी यायचा, एरवी घरात आम्ही तिघंच. आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, माझे सासरे. पाण्याच्या पंपांचं दुकान त्यांनी आयुष्यभर चालवलं आणि सत्तरी जवळ आल्यावर बंद केलं. आक्का माझ्या सासूबाई. आणि चौथी, परसात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली ती गाडी.

जुनी फियाट. बाटलीसारखा हिरवा रंग, पुढं आलेलं नाकाड, गोलमटोल पाठ. त्या घडणीमुळे अख्खा मुलूख तिला डुक्कर फियाट म्हणायचा. आक्कांना मात्र घरात त्या जनावराचं नाव घेतलेलं खपत नसे. त्या नुसतं 'ती' म्हणायच्या. "ती भिजतीय बघा," "तिच्याखाली मांजर व्यालंय." पुढची दारं उलटी उघडायची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. आप्पांनी तरुणपणी सांगलीच्या एका डॉक्टरांकडून ती घेतली होती आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला चालवू दिली नव्हती. सन्मतीलासुद्धा नाही. वर्षभर तर तेही ती बाहेर काढत नव्हते. बॅटरी उतरती म्हणायचे, रविवारी जागेवरच चालू करून बंद करायचे.

पण त्या येत्या रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आप्पांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं गळ घातली, नाव नोंदवून टाकलं, आणि आप्पा चक्क हो म्हणाले.

मी बादली घेऊन बाहेर गेले ती जरा धास्तीनंच. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. आमचं आम्ही ठरवलेलं लग्न. मी कोकणातली, देवरुखची, जातीधर्मानंही वेगळी. घरात कुणी आवाज चढवला नाही, आक्कांनी तर आठवड्याभरात मला पोटाशी धरलं. पण आप्पा माझ्याकडे कधी सरळ बघायचे नाहीत. मी काही विचारलं तर ते माझ्या कानाजवळच्या हवेला उत्तर द्यायचे. चहा दिला तर माझ्या खांद्यापलीकडे बघत कप घ्यायचे. सन्मतीला मी एकदा विचारलं होतं. "स्वभावच आहे त्यांचा," तो म्हणाला, "दुकानात गिऱ्हाइकाशीही पंपाकडे बघत बोलायचे." मी मान हलवली होती. पण आत कुठंतरी मी ठरवून टाकलं होतं की मुलानं आणलेली सून म्हणून त्यांनी मला घरात घेतलंय, पण नजरेत नाही.

"आधी नुसतं पाणी," आप्पा म्हणाले. "धूळ असताना फडकं लावलं की धूळच कानस होती. वरनं सुरू कर. टपावरनं."

मी टपावर पाणी सोडलं. हिरव्या पत्र्यावरून मातकट ओघळ आले.

"आता साबण. कपड्याचा न्हाई, तो रंग खातो. ती बाटली आणलीया त्यातला."

ते बोलत होते आणि मी करत होते. मग त्यांनी स्वतः फडकं घेतलं आणि बॉनेटवर हात फिरवायला लागले. तळवा पूर्ण टेकवून, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मला तो हात बघत राहावंसं वाटलं.

दुपारी शेडखाली तिरपं ऊन आलं. "पॉलिश उन्हात लावायचं नसतं," आप्पा म्हणाले. "लावल्या लावल्या वाळून चिकटतं. गाडी लिंबाखाली घ्याय पाहिजे." आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी माझ्या कानाच्या दिशेनं पुढे केली. "घे."

"मी?"

"लायसन हाय की तुझ्याकडं."

लायसन्स होतं. लग्नाआधी रत्नागिरीत मी मारुती शिकले होते. पण ही गाडी म्हणजे काही निराळंच प्रकरण होतं. "आप्पा, हिचा गिअर मला..."

"माझा गुडघा धरलाय. क्लच दाबवत न्हाई. बस तू, मी सांगतो."

ते खिडकीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. दांडा आपल्याकडं ओढ, आता वर. क्लच सावकाश सोड, ती हिसका देती. तिनं हिसका दिला आणि बंद पडली. मला वाटलं आता रागावतील.

"सवय न्हाई तिला तुझी," आप्पा म्हणाले. "परत."

तिसऱ्या खेपेला गाडी सरकली आणि लिंबाच्या सावलीत जाऊन थांबली. मी घामाघूम. त्यांनी फक्त "हां" म्हटलं आणि पॉलिशचा डबा उघडला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं पॉलिश लावत होतो. ते उजवी बाजू, मी डावी. पॉलिश लावलं की पांढरा थर येतो, तो वाळला की मऊ कापडानं घासून काढायचा आणि खालून चकाकी येते. ऊन कलल्यावर आप्पा आत जेवायला गेले. जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. मी फडकी गोळा करता करता उजव्या बाजूला गेले आणि थबकले.

दारावर ताटलीएवढा पांढरा डाग तसाच होता. पुढच्या मडगार्डवर दुसरा. कडा लख्ख, कोपरे लख्ख, आणि मधोमध पॉलिश वाळून बसलेलं. आप्पांच्या हातून? एक स्क्रू उलटा बसला तर अख्खा पंप परत खोलणारा माणूस. दमले असतील, मी म्हटलं. डाग घासून काढले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. बंपरची निकेल केलेली पट्टी त्यांनी इतकी घासली की तोंड दिसावं, पण मधला वीतभर भाग तसाच मळका. ते दुपारी पडले की मी बाहेर यायची आणि राहिलेलं पुसून टाकायची. लहान पोरीसारखी, चोरून.

"झाली का गं चकाचक?" ते उठून विचारायचे.

"झाली."

"हां."

दर दोन-तीन तासांनी सावली सरकायची आणि गाडी हलवावी लागायची. गुडघा काही बरा होत नव्हता. शेडमधून लिंबाखाली, लिंबाखालून भिंतीच्या आडोशाला, रिव्हर्स, पुढे, परत रिव्हर्स. चाकं धुतली तेव्हा म्हणाले, "ब्रेकमध्ये पाणी गेलं असणार. गल्लीतनं एक चक्कर मारून आण, म्हणजे सुकतील." मी एक चक्कर मारली. शेजारच्या चौगुले काकू ओट्यावर उभ्या राहून बघत राहिल्या. दुसरी चक्कर मी आपखुशीनं मारली.

शुक्रवारी सकाळी ते झालं.

आम्ही दारांच्या रबरावर पावडर लावत होतो. आमचं भुरं मांजर कधी तरी येऊन बॉनेटवर, बरोबर मधोमध, अंग दुमडून निजलं होतं. पत्रा कोमट असेल. मी काच पुसत होते. आप्पा समोरून आले, हातातली डबी बॉनेटच्या कडेला ठेवली आणि सरळ मांजराकडे तोंड करून म्हणाले, "इथं फडक्यांचा ढीग कशाला ठेवलाईस? पाणी धरतात."

आणि त्यांनी तो ढीग उचलला.

मांजर जे किंचाळलं! पंजे झाडत त्यांच्या मनगटावरून उडी मारून भिंतीवर. आप्पा दोन पावलं मागे सरले, शेडच्या खांबाला टेकले. मनगटावर रक्ताची रेघ उमटली होती.

"लागलं का?" मी धावले.

"म्हाईत होतं मला मांजर हाय म्हणून," ते म्हणाले. "उठवत होतो तिला."

मी हळद आणून मनगटावर लावली. ते माझ्या कानाकडे बघत बसून राहिले. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस माझ्याकडे बघायचं टाळत नाहीये. याला काहीतरी वेगळंच झालंय.

त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. हातानं गाडी पुसत होते, पण डोळ्यांसमोर कोल्हापूरचा रस्ता. उसाचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्यावर उसानं लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, काही नाही. त्यात हे गाडी घेऊन जाणार. संध्याकाळी सन्मतीचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"होय होय," आप्पा फोनवर सांगत होते, "मी गाडी आणतो. तू पुण्यासनं परस्पर कोल्हापूरला ये. हिकडं याय नको, उगं हेलपाटा."

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काय म्हणतायत मगदूम अँड सून?" सन्मती हसत होता. "आप्पा खूश आहेत गं. आवाजच बदललाय. किती वर्षांनी ऐकतोय असा."

माझ्या ओठांवर आलेलं मी परत घेतलं. "ये तू रविवारी," एवढंच म्हटलं.

शनिवारी गाडी तयार झाली. आक्कासुद्धा पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि गाडीच्या दारात आपलं प्रतिबिंब दिसतंय म्हणून केस सारखे करून गेल्या. आप्पांनी जेवण लवकर उरकलं. सूर्य टेकला होता. ते लिंबाच्या कट्ट्यावर एकटे बसलेले बघून मी जाऊन समोर उभी राहिले.

"आप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"माझ्या हातात काय आहे?"

मी हात त्यांच्या तोंडासमोर धरला होता. हातात किल्ली होती. त्यांनी आधी हाताकडे सरळ बघितलं. मग त्यांनी मान जराशी वळवली, लिंबाच्या बुंध्याकडे बघितलं आणि म्हणाले, "किल्ली."

मी हात खाली घेतला.

"तसं दिसतं मला," आप्पा म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. मधोमध न्हाई. मधी काळं हाय. पयल्यांदा टिकलीएवढं होतं, आता तळहाताएवढं." जराशानं म्हणाले, "तू ते डाग पुसतीस दुपारी. म्हाईत हाय मला."

"कसं?"

"सकाळी हात फिरवतो की. मी सोडलेलं खरखरतं. तू पुसलेलं सुळसुळीत असतं."

मी कट्ट्यावर बसले. इतके दिवस मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते मला लपवू देत होते.

"किती दिवस झाले?"

"तू लग्न होऊन आलीस, त्याच्या आधी थोडं सुरू झालं होतं. वाटलं चष्म्याचा नंबर. मग वाटलं वय." ते हसले. "तुझं तोंड मी नीट बघितलंच न्हाई बघ अजून. सरळ बघितलं की तू न्हाईशी होतीस. जरा बाजूला बघितलं की येतीस. म्हणून तुझ्या कानाकडं बघत बसतो. कान मात्र चांगला वळखतो तुझा."

तीन वर्षं. तीन वर्षं मी त्या नजरेचा अर्थ लावत होते, आणि हा माणूस मला बघायची धडपड करत होता.

"मला वाटायचं, तुम्हाला मी पसंत नाही."

आप्पांनी दचकून मान सरळ केली. म्हणजे मी पुन्हा नाहीशी झाले असणार. त्यांनी ती परत वळवली.

"खुळी काय तू?" ते म्हणाले. एवढंच.

लिंबावर पाखरांचा गलका चालला होता. तो जरा कमी झाल्यावर मी म्हटलं, "सन्मतीला का नाही सांगितलंत?"

"त्याला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून दारात येऊन बसला असता. तसाच हाय तो. आणि आक्काला सांगून काय, ती रडत बसणार."

"पण उद्या तुम्ही गाडी चालवणार? या अशा डोळ्यांनी? आप्पा, मी जाऊ देणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे आणि मी ती देणार नाही."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते हसायला लागले.

"मी चालवणार असं कुणी सांगितलं तुला?"

"फोनवर म्हणालात की! मी गाडी आणतो."

"आणतो म्हणलो. चालवतो कुठं म्हणलो? वर्षभर मी हिला गल्लीत न्हाई काढली, कुणाच्या पोराला लागंल म्हणून. आणि हमरस्त्यावर नेईन?" त्यांनी आपल्या गुडघ्यावर थाप मारली. दणदणीत, दुखऱ्या गुडघ्यावर कुणी मारणार नाही अशी. "चार दिवस गाडी मागं-पुढं कोण घेतंय? सावली काय एवढी भराभर सरकती व्हय?"

गुडघा, सावली, ओले ब्रेक. मी चार दिवस त्यांना सांभाळत होते असं मला वाटत होतं.

"सरळ सांगायचं ना!"

"सरळ सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस. सन्मती कुठल्याबी गाडीच्या गिअरची ओढाताण करतो, त्याच्या हातात द्यायला जीव होईना. तू पयल्या दिवशी दांडा धरलास ना, तवाच कळलं. हात हलका हाय तुझा."

मी डोळे पुसले आणि शाळेतला आवाज काढला. "चालवते. पण उद्या तिथं पोचलं की सन्मतीला आणि आक्कांना तुम्ही स्वतः सांगायचं. आणि येत्या आठवड्यात मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"प्रदर्शन झाल्यावर सांगू."

"आधी."

"बरं बाई. आधी."

रविवारी सकाळी चौगुले काकूंनी चाकांवर पाणी घातलं आणि आम्ही निघालो. आक्का मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसल्या. मी स्टिअरिंगवर बसले तरी त्यांनी एक अक्षर विचारलं नाही, फक्त खिडकीची काच खाली केली. हातकणंगल्यापर्यंत माझे खांदे कानाला लागले होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. मागची ट्रॉली साप वळवळावा तशी डुलत होती.

"घाई नको," आप्पा म्हणाले. "इंजिन काय म्हणतंय ऐक. कण्हायला लागलं की खालचा गिअर. ... आत्ता. टाक."

टाकला. ती तक्रार न करता चालली. पुढं रस्ता मोकळा झाला तशी मी ट्रॉलीला मागं टाकलं, आणि आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून ट्रॅक्टरवाल्याला टाटा केला.

मैदानावर मोठमोठ्या गाड्या आल्या होत्या. लांबलचक नाकांच्या, चांदीसारखे दिवे असलेल्या. आमची फियाट त्यांच्यात लग्नाला आलेल्या खेड्यातल्या मावशीसारखी दिसत होती. पण माणसं तिच्याभोवतीच जमली. जो तो म्हणायचा, अरे आमच्या काकांची अशीच होती, आमच्या आईला दवाखान्यात हिच्यातनंच नेलेलं. परीक्षक आले, त्यांनी बोट फिरवलं, इंजिन बघितलं, आप्पांना प्रश्न विचारले. आप्पा बॉनेटवर हात ठेवून सांगत होते. बक्षीस आम्हाला कसलंच मिळालं नाही, ते लांब नाकवाल्यांनी नेलं.

पण परीक्षक यायच्या आधी, आम्ही पोचल्यावर थोड्याच वेळात, सन्मती पाठीला बॅग लावून गर्दीतून येताना दिसला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "तू चालवत आणलीस? तू? आप्पांनी दिली?"

"सन्मती," आप्पा म्हणाले, "हिकडं ये. आक्का, तूबी ऐक." आणि उभ्या उभ्या, लोक येत-जात असताना, त्यांनी साध्या शब्दांत सांगून टाकलं. मधी दिसत न्हाई. गाडी आता विनया चालवणार.

सन्मतीचा चेहरा उतरला. त्यानं आप्पांचा हात धरला. "मी पुण्याचं बघतो काहीतरी," तो म्हणाला.

"बघितलंस?" आप्पा माझ्या कानाला म्हणाले. "सांगितलं न्हवतं मी?"

आक्का रडल्या बिडल्या नाहीत. डब्याचं झाकण घट्ट बसवत त्या म्हणाल्या, "ताटात चटणी रोज एकाच जागी कोण वाढतंय? पाटाशेजारी तांब्या डाव्या अंगालाच का असतो? मला काय कळत न्हाई व्हय?"

आप्पा आक्कांच्या आवाजाकडे वळले. "मग बोलली न्हाईस?"

"तुम्ही बोलला होता?"

मिरजेच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल. ते बरीच वर्षं टिकलंही. सन्मतीनं नोकरी सोडली नाही. आप्पांनी सोडू दिली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही डब्यातल्या दशम्या खाऊन निघायची तयारी करत होतो, तेव्हा आप्पा गाडीत बसले आणि म्हणाले, "इथनं देवरुख किती लांब पडतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आंबा घाटानं गेलं तर चार तास," सन्मती म्हणाला. "का?"

"व्याह्यांच्या घरी मी एकदाबी गेलो न्हाई. लग्न कोल्हापुरात कचेरीत झालं, तिथं भेट झाली तेवढीच. दर दिवाळीला बोलावणं येतं. घाट मला उतरता येत न्हवता आणि ते सांगता येत न्हवतं." त्यांनी समोरच्या काचेकडे तोंड केलं. "आता उतरता येतोय."

दर दिवाळीला माझी आई मला फोनवर विचारायची, तुझ्या सासऱ्यांना आमचं घर कमी वाटतं का गं? मी दरवेळी काहीतरी सांगायची. त्या वर्षीसुद्धा आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून आईला फोन केला. ती आधी घाबरली, मग म्हणाली, त्यांचं जेवण सूर्यास्ताच्या आत ना? कांदा, बटाटा काही घालत नाही. कधी पोचाल? मी म्हटलं, आई, मला माहीत नाही, मी चालवतेय.

मलकापूरच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. खड्डे, खडी, आणि मग कोकणातल्यासारखी तांबडी धूळ. घाटाच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. खाली नुसती दरी आणि धुरकट हिरवं.

"मी घेऊ का?" सन्मतीनं मागून विचारलं.

"न्हाई," आप्पा आणि मी एकदमच म्हणालो.

"दुसऱ्यात टाक," आप्पा म्हणाले. "आणि दुसऱ्यातच उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, इंजिन धरतंय तिला. वळणावर हॉर्न."

मी उतरले. वळण, हॉर्न, वळण. मागे आक्का णमोकार मंत्र पुटपुटत होत्या. एका वळणावर आप्पा म्हणाले, "इथं गारवा आला. झाडी हाय का?" "दाट आहे," मी म्हटलं, "आणि खाली नदी दिसतेय." "सांग," ते म्हणाले. मग घाट संपेपर्यंत मी रस्त्यावरची नजर न काढता सांगत गेले आणि ते ऐकत गेले.

आमच्या घराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर होतं. बाबा शिवणयंत्रावरून उठून तसेच, गळ्यात टेप अडकवलेले, धावत बाहेर आले. मागून आई, हातात पळी. बाबा मुळात कमी बोलणारे, त्यात व्याही पहिल्यांदा दारात. ते गाडीकडेच बघत राहिले. गाडी नावाला हिरवी उरली होती. टपापासून चाकापर्यंत तांबडी धूळ.

"विनू म्हणाली प्रदर्शनातून येताय," बाबा चाचरत म्हणाले. "मला वाटलं, गाडी अगदी लखलखीत असेल."

आप्पा दार धरून खाली उतरले. "होती की. सकाळी बघायला पाहिजे होती तुम्ही. तुमच्या दारात येईस्तोवर मळली."

बाबांनी टपावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उद्या धुऊ. विहिरीला पाणी पुष्कळ आहे."

"धुऊ की, दोघं मिळून. घाई न्हाई," आप्पा म्हणाले. "आम्ही राहाय आलोय."

"पानं वाढलीत," आई ओट्यावरून म्हणाली. "सूर्य आहे अजून. या लवकर."

आप्पांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा बाबांच्या हातात दिला, आणि पायऱ्या चढायला लागले.